मागचा टेम्पो

दरवर्षी टप्प्याटप्प्यांची एक सायकल शर्यत वाईहून पसरणी घाट चढते, तेव्हा रस्ता बंद असतो. यंदा मी घाटातल्या एका वळणावर स्कूटरसकट अडकले. शेजारी सायकल दुरुस्त करणारा एक माणूस आपली सायकल धरून उभा होता. पुढून जाणाऱ्या स्पर्धकांच्या पोटऱ्या बघून तो निकाल देत होता, "ह्यो चढतोय. ह्यो न्हाई चढत."

घोळका गेला. मी म्हटलं, "झालं ना? सोडा आता."

"आवं बाई, अजून एक हाय."

शेवटचा स्पर्धक आला, डोलत, घामानं निथळत. मागोमाग शर्यतीचा टेम्पो. त्यानं घाटात गाठलं की स्पर्धक बाद, सायकलीसकट टेम्पोत.

दुरुस्तीवाल्यानं स्पर्धकाला जाऊ दिलं, मग आपली सायकल टेम्पोपुढं आडवी घातली, चेन काढली आणि सावकाश बसवायला घेतली. ड्रायव्हर ओरडला.

"थांब की गड्या, चेन पडलीया!"

"एवढा वेळ लागतो होय?" मी हळूच विचारलं.

"मलाबी ह्याच वळणावर उचलला हुता," तो मान वर न करता म्हणाला.

ड्रायव्हरनं बाजूनं वाट काढायला बघितलं. तिथं माझी स्कूटर होती.

"मॅडम, गाडी घ्या!"

"किल्ली शोधतेय," मी म्हटलं. ती माझ्या मुठीत होती.