पत्र्याचा कल

मोटारीचा आवाज ऐकून तिचा बिघाड सांगणारे मिस्त्री उज्जैनमध्ये दोन-तीनच होते. माणिकराव काटकर त्यांतले एक. एका मराठी जहागीरदाराच्या मोटारखान्यात त्यांनी बावीस वर्षं काढली. जहागीर गेली तेव्हा सहापैकी पाच मोटारी विकल्या गेल्या आणि माणिकरावांनी फ्रीगंजात, टावर चौकाच्या मागे, स्वतःचं गॅरेज टाकलं. सहावी मोटार दोन सीटांची, बिनटपाची इंग्रजी गाडी होती. ती मात्र जहागीरदारांच्या मुलीने, चारुलताने, विकू दिली नाही.

चारुलता चौदा वर्षांची असताना माणिकरावांनीच तिला स्टिअरिंग धरायला शिकवलं होतं. आता ती कॉलेजात शिकवत होती आणि दर रविवारी गाडी घेऊन गॅरेजवर येत होती. माणिकरावांना मूलबाळ नव्हतं. त्यांचा आठवडा त्या रविवारवर चालायचा.

१९५६च्या जानेवारीत गावाबाहेरच्या जुन्या विमानपट्टीवर मोटारींची शर्यत ठरली. चारुलताने नाव दिलं आणि पुढच्याच रविवारी ती एका माणसाला सोबत घेऊन आली.

"काका, हे प्रभाकर लघाटे. बस डेपोत नवे इंजिनीअर आलेत, पुण्याचे. यांच्याकडे एक मस्त आयडिया आहे."

प्रभाकरने नमस्कार केला, गाडीच्या मागे गेला आणि हाताने हवेत एक रेघ ओढली. "इथे दोन खांबांवर ॲल्युमिनियमचा पत्रा बसवायचा. विमानाच्या पंखासारखा, पण उलटा. विमानाला वारा वर उचलतो, हा पत्रा मागच्या चाकांना खाली दाबेल. वळणावर शेपूट निसटणार नाही."

"आणि सरळ रस्त्यावर?" माणिकरावांनी विचारलं.

"तिथे थोडा अडवेल. म्हणून कल बदलता आला पाहिजे. खांबाला पाच भोकं पाडू. पहिल्यात बोल्ट घातला तर पत्रा जवळजवळ सपाट, पाचव्यात मागची कड सगळ्यात वर."

प्रश्न माणिकरावांचा होता, पण चारुलता कौतुकाने बघत होती ती प्रभाकरकडे. माणिकराव चहा सांगायला बाहेर गेले आणि चहावाल्यावर उगाच खेकसले.

पत्रा त्यांनीच कापला, खांब त्यांनीच वेल्ड केले. काम चोख झालं. चारुलता मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "ही प्रभाकरजींची कमाल." घरी माणिकरावांना जेवण गोड लागेना.

"एवढं काय झालंय?" त्यांच्या बायकोने, अहल्याबाईंनी, विचारलं.

"काही नाही. गाडीला पंख फुटलेत."

सरावात माणिकरावांनी घड्याळ लावून पाहिलं. प्रभाकरने सगळी भोकं तपासून चौथं ठरवलं होतं. वळणावर गाडी जमिनीला चिकटून जायची, पण या पट्टीवर वळणं दोनच होती, बाकी सगळा सरळ पळायचा रस्ता. तिथे प्रत्येक फेरीला दोन सेकंद जात होते. दुसरं भोक पुरेसं आहे, हे माणिकरावांना पहिल्याच दिवशी कळलं. ते बोलले नाहीत. हरू दे त्याला, तिच्यासमोर हरू दे, असं त्यांच्या मनात आलं आणि ते तिथेच बसलं.

शर्यतीच्या सकाळी चारुलताने भैरवगढच्या छापकामाचा रुमाल डोक्याला बांधला. "काका, बोल्ट चौथ्यात घालता ना? मी सरावाची एक चक्कर मारून येते."

माणिकरावांनी पाना घेतला आणि बोल्ट पहिल्या भोकात घातला. पत्रा निकामी ठरला की पुण्याचा साहेब आपोआप निघून जाईल, एवढाच त्यांचा विचार होता.

पत्र्याच्या भरवशावर चारुलताने वेग कमी केला नाही, आणि पहिल्याच वळणावर गाडीची शेपूट सुटली. गाडी दोनदा गरगर फिरली आणि कडेच्या तेलाच्या पिंपांपासून हातभर अंतरावर थांबली. माणिकराव धावले. ते पोचण्याआधीच प्रभाकर तिथे होता, पांढराफटक पडलेला.

"माझा हिशेब चुकला," तो चारुलताला म्हणत होता. "काढून टाकू हा पत्रा. माफ करा मला."

माणिकरावांना हेच ऐकायचं होतं. पण त्यांची नजर हातभर अंतरावरच्या पिंपांवर गेली. चारुलताने स्टिअरिंग अजून सोडलं नव्हतं.

"हिशेब नाही चुकला," ते म्हणाले. "बोल्ट मी पहिल्यात घातला. मुद्दाम."

चारुलता गाडीतून उतरली. तिने विचारलं, "का?"

"तू यांचंच ऐकतेस म्हणून."

तिने रुमालाची गाठ घट्ट केली. नंतर कोरड्या आवाजात म्हणाली, "अर्ध्या तासात शर्यत आहे. कितवं भोक?"

"चौथं," प्रभाकर म्हणाला.

"दुसरं," माणिकराव म्हणाले आणि खिशातला कागद काढून सरावाच्या वेळा दाखवल्या. प्रभाकरने कागद नीट वाचला. "हे बरोबर आहे. मी वळणांकडेच बघत बसलो. हे आधी का नाही सांगितलंत?"

माणिकरावांनी पाना त्याच्यापुढे धरला. बोल्ट प्रभाकरने बसवला.

नऊ गाड्यांत चारुलता दुसरी आली. लोकांनी तिला उचलून घेतलं. तिने प्रभाकरला हाक मारली, माणिकरावांना नाही. त्यानंतर नऊ महिने रविवारी गॅरेजसमोर ती गाडी थांबली नाही. प्रभाकर मात्र दोनदा येऊन गेला, हालहवाल विचारून गेला. त्याचा चांगुलपणा माणिकरावांना जास्तच बोचला.

नोव्हेंबरात मध्य भारत राज्य जाऊन नवा मध्य प्रदेश झाला आणि प्रभाकरची बदली भोपाळला झाली. माणिकराव त्याला पोचवायला स्टेशनवर गेले. चारुलता आली होती. आगगाडी हलली तशी ती डोळे पुसत फलाटावर चार पावलं चालली. आपण कधी उज्जैन सोडलं नाही, म्हणून आपल्यासाठी ती अशी कधी चाललीच नाही, असं माणिकरावांना वाटलं, आणि स्वतःचीच लाज वाटली.

बाहेर आल्यावर ती टांग्याजवळ थांबली. "काका, क्लच घसरतोय. रविवारी आणू?"

"आण ना. सकाळीच आण."

"पत्र्याला मात्र हात नाही लावायचा. तो तसाच राहील."

"राहू दे," माणिकराव म्हणाले. त्यांना ते आवडलं नव्हतं, पण त्यांनी मान हलवली.