गाणं नसलेला सिनेमा

आमच्या जळगावच्या घरी वरच्या खोलीत पाच वर्षं एक संगीतकार भाड्याने राहिला, आणि एक दिवस सोडला तर आम्हाला त्याचा एक सूरही कधी ऐकू आला नाही. खोली देताना आमच्या ह्यांनी अटी घातल्या होत्या: पेटी नको, ढोल नको, दुपारी तर काहीच नको. बिचाऱ्याने सगळं मान्य केलं. मग कळलं, त्याचं काम कॉम्प्युटरवर, कानाला हेडफोन लावून. दार उघडं असलं की एकटाच मान हलवताना दिसायचा. गल्लीने त्याचं नाव हेडफोनभाऊ ठेवलं.

त्याची आई धुळ्याकडच्या खेड्यात एकटी. तिचा फोन रोज यायचा. "हा माय, बठ्ठं बरं शे," सगळं बरं आहे, एवढंच तो सांगायचा. मी कळण्याची भाकरी आणि भरीत वर नेऊन ठेवायची, तर सकाळी ताट तसंच झाकलेलं. मला फार राग यायचा. दिवाळीत सगळी गल्ली उजळलेली असायची, आणि ह्याच्या खिडकीत तेवढा स्क्रीनचा निळा उजेड.

शेवटी त्याला एक थरारपट मिळाला. दिग्दर्शकाला कॉम्प्युटरच्या आवाजांबरोबर खरा वाद्यवृंद हवा होता. आता जळगावात कुठला वाद्यवृंद! आमच्या ह्यांची एका दिवसापुरती परवानगी काढून त्याने धुळ्याहून लग्नाचा बँड बोलावला. माणसं गच्चीवर खुर्च्या टाकून बसली, आणि भीतीचे सूर वाजवता वाजवता वरातीच्या ठेक्यावर घसरली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. ट्रंपेटवाले आबा वैतागून म्हणाले, "बठीसन आमले वाजाडता येस नही, भाऊ. पाय चालाले पाहिजे."

मग हेडफोनभाऊने त्यांना खुर्च्यांवरून उठवून चालवलं. अगदी हळू, एक पाऊल टाकायचं आणि थांबायचं. सूर असे लांबले, की खाली पोळ्या लाटताना माझ्या अंगावर काटा आला. तेवढं एकदाच काय ते त्याचं संगीत आमच्या घरात वाजलं. तो म्हणाला, "घाबरवायला आवाज वाढवायचा नसतो, वहिनी. पुढचा सूर येतो की नाही, ह्यानेच माणूस घाबरतं."

आईचं एकच म्हणणं होतं: गावी ये, शेती बघ, संसार कर. ह्याने तिच्याकडून एवढंच मागून घेतलं, की आधी सिनेमा बघ. माझं काम पटलं नाही तर परत येतो.

सिनेमा जळगावात लागला तेव्हा ती आली. मी मधल्या खुर्चीवर. अर्ध्यातच तिने माझा हात घट्ट धरला आणि पदर डोळ्यांवर ओढला. संपल्यावर बाहेर पायरीवर उभी राहून म्हणाली, "गानं तं एक बी नही. तुन्हं काम कोठे शे?"

त्याचा चेहरा उतरला. पाच वर्षांचं काम त्या पायरीवर उभं होतं. तो हळूच म्हणाला, "माय, तुले जठे भेव वाटनं ना, तठे मीच व्हतू."

काम पटलं की नाही, हे तिने सांगितलंच नाही.

"इतलं भेव तुन्हा पोटमा व्हतं," ती म्हणाली, "अन् तू कोनलेच सांगं नही?"

मी त्याच्याच खाली राहत होते, मलाही त्याने कधी सांगितलं नव्हतं.