कुंकवावर ढकललेला ताप

दुकानदाराने आपलं पाप तुमच्या आईच्या हळदीकुंकवावर ढकललं, तर तुम्ही गप्प बसाल? खंडेनवमीच्या झेंडूचा वास आला की मला देवासचं ते दुकान आठवतं. तिथून घेतलेला ओव्हरक्लॉक केलेला, म्हणजे प्रोसेसरचा वेग मुद्दाम वाढवलेला कॉम्प्युटर तापून सारखा बंद पडायचा. खंडेनवमीला आईने त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. "भिया, पूजा का कुमकुम पंखे में गया," दुकानदार हसला होता. आई तेव्हापासून कॉम्प्युटरजवळ फिरकेना. मग मी त्याच्याच दुकानात गिऱ्हाइकांसमोर कॅबिनेट उघडलं. पंखा स्वच्छ होता. मूळ वेगावर प्रोसेसर सत्तर अंशांवर राहिला, त्याने वाढवलेल्या वेगावर अठ्ठ्याण्णववर गेला. "अब मेरी आई से माफी माँगो," म्हणत मी फोन पुढे केला. त्याचा पडलेला चेहरा आठवून आजही मला बरं वाटतं. कॉम्प्युटर घेताना दुकानातच त्याला पूर्ण कामाला लावा आणि तापमान पंच्याऐंशीच्या वर गेलं, तर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा.