ओढ्याला दार नसतं

आमच्या आळीतल्या मिरियममावशीनं जन्मभर इस्पितळात नर्सचं काम केलं आणि शेवटी पेन्शनबरोबर सुजलेले पाय घरी आणले. जिना उतरायचा म्हटलं तरी तिच्या अंगावर काटा यायचा.

वर्षातून एकदा मात्र ती कुरकुर न करता चालायची. नव्याच्या सणाला, म्हणजे त्यांचं वर्ष सुरू होतं त्या दिवशी, मशिदीतली (सिनेगॉगला ते मशीदच म्हणत) प्रार्थना आटोपली की पनवेलचे बेने इस्रायल ज्यू लोक ओढ्यावर जात आणि वर्षभराची पापं वाहत्या पाण्यावर झटकून टाकत. मावशी अलीकडच्या काठावर पदर झटकायची. पलीकडच्या काठावर तिची धाकटी बहीण हॅना झटकायची. तेवढीच त्यांची भेट, कारण दोघींत बोलणं नव्हतं.

त्यांची आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं हॅनानं काढलं. आई गेल्यावर ती म्हणाली, "जगाच्या आयांची सेवा केलीस, आपल्या आईची नाही." मावशीचं उत्तर ठरलेलं, "माझी ड्यूटी होती." मलाही ते तिनं शंभरदा ऐकवलं होतं. खरं सांगते, मला त्या ड्यूटीचा वीट आला होता.

बासष्ट साल असेल. हॅना दिवाळीनंतर बोटीनं इस्रायलला जायची होती, कायमची. आणि त्याच साली ओढा नाहीसा झाला. त्यावर फरश्या टाकल्या, माती पसरली आणि ओळीनं तीन बागा केल्या. डास गेले, वासही गेला. तक्रार तरी कोणत्या तोंडानं करायची!

"तळ्यावर जाऊ," मी म्हटलं. "पनवेलात तळ्यांना काय तोटा?"

"साचलेलं पाणी काय वाहून नेणार, वेणू? आणि हॅना तळ्यावर यायची नाही."

"मग सरळ तिच्या घरी जा ना, मावशी."

"तोंडावर दार लावील. ओढ्याला दार नसतं."

ओढा होता तिकडंच निघालो. चार पावलं चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. पहिल्या बागेत हिरवळ, आणि हिरवळीवर पाय ठेवू नये अशी पाटी. दुसऱ्या बागेत कारंजं होतं, तेही कोरडं. तिसऱ्या बागेत काशीराम माळी झारी घेऊन उभा होता. मावशीनं त्याला ओढ्याचं विचारलं.

"पानी हाय, बाय," तो म्हणाला. "पन खाली हाय. वर काय दिसत नाय." त्यानं बाकाशेजारची लोखंडी जाळी दाखवली. वाकून कान दिला तेव्हा कुठं बारीक खळखळ ऐकू आली.

मावशी बाकावर बसली. बराच वेळ फाटकाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "चल, वेणू. नाही येत ती." पण तिला उठवेना, म्हणून मीही शेजारी बसले.

तेवढ्यात बंदराकडच्या फाटकातून लंगडत हॅना आली. काशीरामला तिनंही तेच विचारलं. त्यानं नुसतं आमच्याकडं बोट दाखवलं.

हॅना आमच्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला धपकन बसली. बागेत दुसरं बाक नव्हतंच. मी दोघींच्या मधून उठून बाजूला झाले. हॅनानं चपला काढल्या. पाय टम्म सुजलेले. मावशीनं ते पाहिलं, आणि जित्याची खोड ती, सरकून एक पाय उचलून मांडीवर घेतला आणि अंगठ्यानं दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला.

"हे कधीपासून?"

"आईचेही शेवटी असेच सुजायचे," हॅना म्हणाली.

मी मनात म्हटलं, झालं, आता निघणार ड्यूटी. सगळी पायपीट फुकट.

मावशीचा अंगठा पायावरच होता. "मला नाही माहीत," ती म्हणाली. "मी नव्हते गं तिथं."

हॅनानं दुसराही पाय उचलून बहिणीच्या मांडीवर ठेवला.