डायरेक्ट करू न देणारी कौसल्यामावशी

ढाणकीला, कापसातली सरकी काढायच्या जिनात एका दुपारी सगळ्यांनी मिळून जिला शिव्या घातल्या, ती बाई आज सकाळी गेली.

कौसल्यामावशी. मशीनवर कापूस टाकणाऱ्या बायांची मुकादम.

माझ्या नात्यातली नाही. पण लोहाऱ्याला माझ्या वर्कशॉपचं शटर आज तिच्यासाठी खाली आहे.

कापसाची ती वाईट वर्षं. भाव चढेल म्हणून लोकांनी कापूस घरातच ठेवला. भाव काही चढला नाही. शेवटी एप्रिलात गाड्या जिनाच्या गेटवर आल्या. थंडीत चालायचं ते जिन भर उन्हात, टिनाखाली सुरू.

आणि रोज दुपारी पॅनलमधला ब्रेकर पडायचा, वीज तुटायची.

ब्रेकर पडला की मशीन बंद. मशीन बंद की बाया घरी. हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, अर्धी.

तेव्हा उमरखेडच्या बसस्टँडजवळ माझं मोटर-वायरिंगचं टपरीएवढं दुकान होतं. निरोप आला म्हणून गेलो. पाहतो तर पॅनलवर ओलं पोतं!

"हे कोणाचं डोकं?"

"माहं," मावशी म्हणाली. "माठाले गुंडाळतो ना, तसं. कालपासून एकदाबी पडला नाई, पाह्य."

माझे कान पहिल्यापासून तिखट. पोत्याखालून बारीक चर्र... चर्र येत होतं. पाणी आत झिरपत होतं.

आधी मेन बंद केला. मग तोंड उघडलं.

"मावशी, माठ थंडा करून राह्यली का स्वतःचं सरण रचून राह्यली?"

ती हसली नाही.

"मंग दुसरं सांग. बायांची हजेरी जाते."

दुसरं होतं.

जुने ब्रेकर थर्मल. आतली पट्टी तापली की पडणार. ती करंटनं तापली की टिनाच्या झळीनं, त्याला काय कळते!

मॅग्नेटिकमध्ये कॉइल असते. तो फक्त करंट ओळखतो. एप्रिल असो की पौष, त्याला सारखंच.

पण घेताना मोटर पाहून घ्यावा लागतो. सुरू होताना मोटर जास्त ओढते, तेवढा वेळ दम धरणारा पाहिजे. आणि "पडायची कटकट नको" म्हणून उगाच मोठा घेतला, तर तो कामाच्या वेळी पडतच नाही. मग बसवलाच कशाला?

जिनाचे शेठ म्हणाले, "पुढच्या सीझनले पाहू."

मावशी म्हणाली, "शेठ, पुढच्या सीझनले जिन राहीन का?"

त्याच आठवड्यात ब्रेकर बसले.

मी तिला एकदाच सांगितलं होतं, खूप दिवस न हललेला ब्रेकर ऐन वेळी अडकू शकतो. तेव्हापासून दर सोमवारी, मशीन सुरू व्हायच्या आधी, ती जिनाच्या फिटरला पॅनलपुढे उभं करायची. एकेक ब्रेकर पाडून-चढवून दाखव. मेन बंद कर, कापसाचं तूस कोरड्या ब्रशनं झाड. स्क्रू आवळ. तेल नाही टाकायचं, तेलाला तूस चिकटते.

फिटर तिला मागून "मॅडम" म्हणायचा. तिला ऐकू जाईल अशा बेतानं.

दसऱ्याला मशीनची पूजा. बाया पॅनल उघडून हळदकुंकू वाहायला निघालेल्या. मावशी बौद्धवाड्यातली, पूजेत नसायची. त्या दिवशी मात्र पॅनलपाशी हजर.

"दाराले लावा माय, आत नाई."

"काहून वं, तुहा देव हाय का थो?"

"देव असता तं मी कायले थांबली असती इथं!"

सगळ्या खोखो हसल्या. हळदकुंकू दारालाच लागलं.

आणि मग त्याच हिवाळ्यात तो दिवस आला.

गेटवर गाड्यांची लाईन. एक ब्रेकर पडला. चढवला, पुन्हा पडला. फिटर वैतागला, म्हणाला डायरेक्ट करतो. म्हणजे ब्रेकर सोडून तार सरळ जोडायची. शेठही म्हणाले, कर.

मावशी पॅनलच्या दाराला पाठ लावून खाली बसली.

कोणीतरी बसस्टँडवर फोन करून मला निरोप दिला. मी एसटीनं पोचलो, तर गेटपासूनच आवाज.

"उठ वं कौसल्ये! लेकरायले काय तुहा ब्रेकर खाऊ घालू?" ही रुखमाबाई.

"मोठी इंजिनेर झाली!"

"शेठनं काय देलं वं तुले?"

मावशीचा आवाज बारीक, पण हलत नव्हता. "हा उन्हानं पडत नाई. मंग कायनं पडला? तेवढं पाहू द्या. मंग द्या शिव्या."

मी केबल धरून मागं मागं गेलो. मशीनखाली उंदरानं कुरतडलेली. तांबं उघडं पडून लोखंडाला टेकलेलं.

आजूबाजूला रुईच रुई. आणि बाहेर पडायला दार एकच.

मी बोट दाखवलं.

दुरुस्तीत दिवस गेला. हजेरी गेलीच. रुखमाबाई कितीतरी दिवस मावशीशी बोलली नाही.

आग लागली असती तर सगळ्यांना कळलं असतं. लागली नाही, म्हणून मावशी वाईट ठरली.

पुढं जिन बंदच पडलं. मशीन भंगारात गेल्या. मावशी दुसऱ्यांच्या वावरात निंदणीला जायला लागली.

एकदा बाजारात भेटली. "काऊन रे, त्या ब्रेकरचं काय झालं?"

"भंगारात गेला, मावशी."

"चालू होता ना?"

"चालू होता."

पिशवी उचलून गेली. ती पाठमोरी अजून दिसते.

आज ढाणकीला गेलो. गावातल्या पाटील-कुणब्यांच्या बाया स्मशानापर्यंत जात नाहीत, घरूनच परततात. आज जिनातल्या होत्या तेवढ्या सगळ्या शेवटपर्यंत चालत आल्या. म्हाताऱ्या झाल्यात.

रुखमाबाई काठी टेकत माझ्या पुढंच होती. नातसुनेला सांगत होती, मी ऐकलं.

"तुह्या सासऱ्याच्या वक्ती मी पोटुशी होतो तवा. थितंच काम करो, मशीनपाशी. हे बाई उठली असती तं..."

नातसुनेचा हात घट्ट धरला आणि चालत राहिली.

मावशी, मनापासून आदरांजली.

जय भीम.