सकाळी आठची हाक

या सदरातले अनुभव मी हसायला म्हणून वाचतो, हे आधीच कबूल करतो. पिंपळावरची बाई, मागे वळू नको म्हणणारा म्हातारा... चालू द्या तुमचं. माझं सगळं आयुष्य कापडाच्या मशिनरीत गेलं. मशीन आवाज करायला लागलं की त्याला कारण असतं आणि ते सापडेपर्यंत जेवायला उठायचं नाही, ही माझी शिस्त. हाताखालची माणसं पाठीमागे मला खडूस म्हणायची. म्हणोत. अंगारे-धुपारे घेऊन कुणी दारात आला तर मी त्याला चहासुद्धा विचारत नाही. पण एका गोष्टीचं कारण मला पन्नास वर्षांत सापडलेलं नाही. बायकोला ती अर्धी सांगितली आहे, पूर्ण कुणालाच नाही.

साल १९७४. मी तेव्हा पश्चिम जर्मनीत, श्टुटगार्टजवळच्या एका गावात टेक्स्टाइलचा कोर्स करत होतो. घर सोलापूरला, सात रस्त्याजवळ. वडलांचं सुताचं दुकान होतं, मागवाले तिथून सूत न्यायचे. वडील मूळचे करमाळ्याकडचे, म्हणून त्यांना मी 'बा' म्हणायचो. कॉलेजातली मुलं पप्पा म्हणायची, मला आपल्या 'बा'ची लाज वाटायची, पण तोंडात तेच बसलेलं. आई अक्कलकोटच्या पलीकडची, माहेर सगळं कानडी. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीचं अक्षर येत नव्हतं म्हणे. माझ्या आठवणीतली आई मात्र मराठीच बोलायची, फक्त तो-ती-ते सगळं उलटंपालटं. 'तो भाजी सांडला,' म्हणायची. बा आणि मी हसायचो, मग तीही हसायची.

मी एकुलता एक. बाला दमा होता, सुताची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेलेली. जर्मनीला निघालो तेव्हा काळजी एकच होती – मी तिकडे असताना बाचं काही बरंवाईट झालं तर? आईची काळजी करायची असते हे माझ्या डोक्यातही आलं नाही. ती ठणठणीत होती आणि ती आई होती.

ईस्टरच्या सुट्टीत आम्ही तिघांनी ट्रिप काढली. सुधीर पुण्याचा, गुरमीत लुधियानाचा, आणि मी. रेल्वेचा स्टुडंट पास, पाठीवर सॅक, सॅकमध्ये ब्रेड आणि आईने पार्सलने पाठवलेली शेंगाचटणी. म्युनिक, व्हिएन्ना, व्हेनिस, रोम असा बेत. गुरमीतला प्रत्येक पुतळ्यासमोर फोटो हवा असायचा आणि सुधीर प्रत्येक चर्चमध्ये शिरून 'आपल्याकडे याच्यापेक्षा जुनं आहे' म्हणायचा. म्युनिकचे दोन दिवस असे मजेत गेले.

व्हिएन्नातली पहिली सकाळ. आम्ही ट्रॅमच्या स्टॉपवर उभे होतो, आठ वाजले असतील. थंडी होती, हात खिशात. आणि अगदी पाठीमागून, दोन हातांवरून, आईचा आवाज आला.

"बा."

ओरडून नाही. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत बोलावं तेवढ्याच आवाजात. मी गर्रकन वळलो. मागे एक पोस्टाची पेटी होती आणि पेपर वाचणारे एक आजोबा. मी सुधीरला विचारलं, "काही ऐकलंस?" तो म्हणाला, "ट्रॅम आली, चल."

भास झाला असेल म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी होस्टेलमध्ये नाश्त्याच्या रांगेत उभा होतो, हातात कप. पुन्हा तेच. "बा... बा..." या वेळी दोनदा. कप हातातून सुटला. गुरमीत म्हणाला, "यार, तुला घरची आठवण येतेय, बाकी काही नाही." मलाही तेच वाटायला हवं होतं. पण घरची आठवण आली की आवाज डोक्यात येतो, कानात येत नाही. हा कानात आला होता, डाव्या.

तिसऱ्या दिवशी मी मशीनवाल्यासारखा विचार केला. दोन्ही वेळा आठच्या सुमारास झालं, तर आज घड्याळ लावून बघू. सुधीरला शेजारी उभं केलं, होस्टेलच्या दारात. तो बिचारा कुरकुरत उभा राहिला. आठला तीन-चार मिनिटं असताना आवाज आला. सुधीरला काहीही ऐकू आलं नाही, पण माझं तोंड बघून त्याची चेष्टा बंद झाली.

"काय म्हणते आई?" त्याने विचारलं.

"बा म्हणते. नुसतं बा."

"म्हणजे?"

"म्हणजे वडील. माझ्याशी बोलताना ती त्यांना 'तुझा बा' म्हणते." आणि हे बोलतानाच माझ्या ध्यानात आलं. बाला दमा. बाचं काहीतरी झालं आणि आई मला सांगतेय.

सुधीर चांगला माणूस. म्हणाला, "शिवा, विश्वास बिश्वास राहू दे बाजूला. तार कर. जायची वेळ आलीच तर तिकिटाचं आम्ही दोघं बघतो, तू सरळ विमानात बस." हे त्याचं बोलणं मला आजही शब्द न् शब्द पाठ आहे. म्हणजे मी जाऊ शकलो असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सोलापूर स्टेशनवर उतरलो असतो.

तार केली. 'हाऊ इज फादर.' उत्तरासाठी व्हेनिसच्या होस्टेलचा पत्ता दिला.

आम्ही व्हेनिसला पोचलो. दुसऱ्या दिवशी दुपारी तार आली. 'फादर व्हेरी वेल. डू नॉट वरी. सी एव्हरीथिंग.' शेजारच्या वकिलांकडून लिहून घेतलेली, ते कळतच होतं. मी ती तिथेच पायऱ्यांवर बसून चार वेळा वाचली. बा ठीक आहे. सगळं बघून ये म्हणतोय. गुरमीतने पाठीत धपाटा घातला आणि आम्ही बोटीतून फिरायला गेलो. इतका हसलो त्या दिवशी की माझं मलाच आश्चर्य वाटलं.

दुसऱ्या सकाळी एका पुलावर आवाज पुन्हा आला. जरा खोल गेलेला, दम लागल्यासारखा. "बा... बा..." आता मला भीती वाटली नाही, उलट कंटाळा आला. पाण्याकडे बघत मी मोठ्यांदा म्हणालो, "बा बरा आहे गं आई. तार आली." बाजूने जाणारी एक बाई माझ्याकडे बघून हसली.

रोममध्ये आणखी दोन सकाळी आला. मी वळलोही नाही. तिसऱ्या सकाळी मी सवयीने घड्याळ बघत थांबलो – आठ, सव्वाआठ, साडेआठ. काही नाही. सुटलो एकदाचा, असं वाटलं. अगदी ह्याच शब्दांत वाटलं, सुधीरला मी तसं बोलूनही दाखवलं, आणि त्या दिवशी आम्ही आइस्क्रीम खाल्लं.

श्टुटगार्टला परतलो तर खोलीच्या दाराखाली बाचं पत्र पडलेलं. तुझी आई लिंगैक्य झाली, असं पहिल्याच ओळीत. विषमज्वर झाला होता, अकरा दिवस तापात होती, दवाखान्यात नेलं, उपाय चालला नाही. खाली तारीख होती. रोममध्ये आवाज आला नाही, तीच ती तारीख.

मी तेव्हाही बावळटासारखं हेच समजत होतो की आई शेवटी बाला हाका मारत असेल. नवरा तो तिचा. मरताना बाई नवऱ्याचं नाव घेईल, त्यात नवल ते काय... त्या हाका माझ्या कानावर कशा पडल्या हे कळत नव्हतं, पण त्या बासाठी होत्या याबद्दल शंका नव्हती. घरी लगेच गेलो नाही. सगळं होऊन गेलेलं. जाऊन काय करणार होतो मी?

पुढच्या वर्षी कोर्स संपवून सोलापूरला आलो. उन्हाळा होता, दुपारी फरशीवर पाय ठेववत नव्हता. आईची धाकटी बहीण, गौरम्मा मावशी, गावाहून आली होती. आजारपणात आईजवळ तीच होती. जेवण झालं, बा दाराजवळ खुर्चीत धापत बसला होता, मावशी पान लावत होती. मी विचारलं, "शेवटी काय बोलली गं आई?"

"मराठी पार इसरली की रे ती," मावशी म्हणाली. "ताप चढला की समदं कानडीच. मग त्येबी गेलं. दुपारच्याला, जेवायच्या टायमाला, दाराकडं बघून नुसतं बा, बा करायची."

"बाला बोलवायची ना?"

मावशीने पानावरून मान वर केली. "येडा हायस का? नवऱ्याला कुटली बाई बा म्हणती? तुला बलवत हुती. आमच्यात बा म्हंजे ये."



'बा म्हणजे ये' हे मला माहीत होतं, मंडळी. ते न कळणारा मी नव्हतोच. शाळेत जायच्या आधी मी आईशी कानडीतच बोलायचो. दुपारी गल्लीत खेळत असलो की ती दारातून हाक मारायची, 'ऊटक्क बा' – जेवायला ये. मग शाळेतली पोरं मला कानडी म्हणून चिडवायला लागली आणि एके दिवशी मी घरी येऊन तिला सांगितलं, माझ्याशी ते बोलू नको, लाज वाटते. मी सात वर्षांचा असेन. तिने दुसऱ्या दिवसापासून बंद केलं. पुन्हा एकदाही बोलली नाही – तुटक्या मराठीत चुकत राहिली, आम्ही हसत राहिलो. सतरा-अठरा वर्षांत तो शब्द माझ्यातून असा पुसला गेला की ती कानाशी येऊन म्हणाली तरी मला वडीलच आठवले.

सोलापुरात दुपारचा साडेबारा म्हणजे तिकडे सकाळचे आठ. तो हिशोब मी तिथेच बसल्या बसल्या केला.

मग मी बाला विचारलं, "मला खरं का नाही कळवलंस?" आवाज चढला होता माझा.

"तू माझं इचारलंस, मी माझं सांगितलं," बा म्हणाला. मग श्वास गोळा केला. "ती सुदीवर आसली की म्हणायची, पोराला कळवू नका, त्येला समदं बगून येऊ द्या. तारंत तेच घातलं. आन ताप चढला की तुला बलवायची. मी कुटलं ऐकायचं?"

मी त्याच्या खुर्चीजवळ सरकलो.

"येतोय, निगालाय, म्हणून सांगायचो मी तिला," बा म्हणाला. "रोज सांगायचो. मग गप पडायची."

मावशीने पदर तोंडाला लावला. बा माझ्याकडे बघत होता. त्याच्या मनात काहीतरी वर्षभर अडकून बसलं होतं, ते दिसत होतं.

"एक इचारू? तू तवा एकाएकी तार कशापायी केलीस? तितं तुला काय... काय जाणवलं हुतं का?"

आता सांगायचं होतं. व्हिएन्ना, व्हेनिस, पुलावर मी तिला दिलेलं उत्तर. 

"न्हाय बा," मी म्हणालो. "सहजच केली."

त्याने डोळे मिटले. "बरं झालं. मला आपलं वाटायचं, तिची हाक पोचली आन पोरगं आलं न्हाय. तेवढं तरी न्हाय झालं, बग."

बा त्यानंतर बरीच वर्षं जगला. रोज संध्याकाळी मी त्याच्याजवळ बसायचो आणि रोज हे सांगायचं राहून जायचं.

माझा एक डॉक्टर मित्र म्हणतो, ताणामुळे भास होतात. होत असतील. पण मला आई आजारी असल्याचं माहीतच नव्हतं, मग ताण कसला? भास माझ्याच डोक्यातून निघाला असेल तर मी विसरलेल्या भाषेत का निघेल? आणि रोज त्याच वेळी का? मी सगळे पार्ट खोलून बघितले, कित्येक वेळा. कारण सापडत नाही. मावशी गेली, सुधीरही गेला, आता विचारायलाही कुणी उरलं नाही. मी आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. कधीकधी सकाळी आठला मुद्दाम गच्चीवर जाऊन उभा राहतो. काहीही ऐकू येत नाही, आणि येणारही नाही हे मला ठाऊक आहे.

बासमोर जे तोंडातून निघालं नाही ते इथे लिहून ठेवतो. वाचायला तो नाही, तरीही.

हाक पोचली होती, बा. मीच आलो नाही.