गोविंदची टॅक्सी स्लोवर का मरायची

“मेस्त, भायर येयात! पाय काढलो काय मरता ही!”

गॅरेजच्या दारात गोविंद गावस टॅक्सीत बसून ओरडत होता. इंजिन बोंबलत होतं. त्याचा पाय अॅक्सिलरेटरवर, हात हँडब्रेकवर, आणि मागे अडकलेल्या बसचा ड्रायव्हर त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करत होता. मी बाहेर आलो, हात केला, “सोड पाय.” त्याने सोडला. इंजिनाने दोन आचके दिले आणि गप्प झालं.

“आता चालू कर.”

केली. पहिल्याच चावीला चालू. जरा वेळ धडधडली आणि परत गप्प.

गोविंद हळर्णचा. पेडण्याच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात त्याची टॅक्सी लावलेली आहे. विमानतळावरून पाहुणे आणायचे, परत सोडायचे. घर त्यावर चालतं. त्या आठवड्यात गाडी पाहुण्यांसकट वाटेत मेली होती, तीही एकदा नव्हे.

“मॅनेजर म्हणता, आणि एकदा बंद पडली तर दुसरी गाडी बघतलो. मेस्त, कायतरी करा.”

इथे थोडं समजावून सांगतो. गाडी उभी आहे, पाय अॅक्सिलरेटरवर नाही, तरी इंजिन हळू चालत राहतं. त्याला पुस्तकात आयडल म्हणतात, गॅरेजात स्लो. हवेचं मोठं दार, म्हणजे थ्रॉटल, तेव्हा जवळजवळ बंद असतं. इंजिन बाजूच्या एका बारीक वाटेने श्वास घेतं. त्या वाटेवर एक व्हॉल्व्ह असतो, गाडीतला कॉम्प्युटर तो कमीजास्त उघडतो. रेस दिली की मोठं दार उघडतं, मग बारीक वाटेकडे कोणी बघत नाही. म्हणून गोविंदची गाडी पळताना वाघ आणि सिग्नलवर मेंढरू.

हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. मग मी सरळ तो व्हॉल्व्ह का उघडला नाही? कारण दसऱ्याच्या सर्व्हिसिंगला तो मीच साफ केला होता. जगातल्या प्रत्येकावर संशय घ्यायचा, पण आपल्या हातच्या कामावर नाही, या नियमाने मी डिचोलीत इतकी वर्षं गॅरेज चालवलं.

पहिला संशय पेट्रोलवर. “खंय भरतस?” म्हणून विचारलं, त्याने पंप सांगितला. मी “हूं” म्हटलं. हे “हूं” मी अशा आवाजात म्हणतो की गिऱ्हाईक तो पंप सोडून देतो. बाटलीत पेट्रोल काढलं, उन्हात धरलं. पाणी नाही, गाळ नाही. पंपाची मनातल्या मनात माफी मागितली. मनातल्या मनात मागायला मला काही वाटत नाही.

मग प्लग. चांगले. एअर फिल्टर काढला, लाल. लोखंडाच्या खाणी चालू असोत की बंद, डिचोलीतल्या गाडीचा फिल्टर लालच निघतो. झटकून परत बसवला. मग स्कॅनर लावला. हे यंत्र गाडीच्या कॉम्प्युटरला विचारतं, बाबा तुझं काय दुखतं. कॉम्प्युटर म्हणाला, काही नाही. मग रबरी नळ्यांवर क्लीनरचा स्प्रे मारला. एखादी नळी फाटली असेल तर ती स्प्रे आत ओढते आणि इंजिनाचा आवाज बदलतो. आवाज बदलला नाही. गाडी शांतपणे मेली.

“तू क्लच बरो दाबतस मरे?” मी गोविंदला विचारलं.

“मेस्त, वीस वर्सां गाडी चलयतां हांव.”

“तसं नाही रे. माणूस दमतो, पाय चुकतो.”

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच विषय बदलला. “सर्व्हिसिंगनंतर गाडीला कोणाचा हात लागला?”

“कोणाचो नाय. बॅटरी तेवढी बदलली. साखळीच्या वाटेर मेली, तर सदाकडसून.”

सदा! माझे कान उभे राहिले.

सदा पाटील कोल्हापूरकडचा. माझ्याकडे शिकला, माझ्याकडे राबला, आणि एके दिवशी “मालक, आता माझं मी बघतो” म्हणून साखळी गावाकडच्या रस्त्याला स्वतःचं गॅरेज टाकून बसला. भांडण नाही, काही नाही. हेच मला खटकायचं. न भांडता गेलेल्या माणसाच्या पोटात काय आहे ते कळत नाही.

शिवाय संशयाला शास्त्राचा आधार होता. बॅटरी काढली की कॉम्प्युटर स्लोचा हिशोब विसरतो, त्याला तो परत शिकवावा लागतो. “सदाने शिकवला नाही,” मी जाहीर केलं. मी शिकवला. गाडी संध्याकाळपर्यंत झकास चालली. मी चहाच्या टपरीवर जाऊन जमलेल्या सगळ्यांना सांगितलं, अर्धवट शिकून दुकान टाकलं की असं होतं.

सकाळी गोविंदचा फोन. “मेस्त, विमानतळाच्या गेटीर मेली. पावणे आत आसत.”

आता मात्र माझी खात्री पटली. सदा विसरलेला नाही, त्याने मुद्दाम केलंय. काहीतरी घातलंय आत. गिऱ्हाईक माझं, गाडी माझ्या हाताखालची. ती मरत राहिली की गोविंद तिकडे जाणार आणि त्याच्या मागून हळर्णचे सगळे टॅक्सीवाले. हा विचारही मी टपरीवर बोललो. जरा मोठ्यानेच. दुपारपर्यंत टपरीवरचं बोलणं सगळ्या बाजारात पोचलं.

गोविंद पाहुण्यांना दुसऱ्याच्या गाडीत बसवून आला. तोंड उतरलेलं. “मॅनेजरान सांजेर बोलवलां,” एवढंच म्हणाला. मी त्याला म्हटलं, थांब, तुझ्यासमोरच पकडतो चोर. आणि सदाला बोलावणं धाडलं.

सदा स्कूटरवरून आला. हेल्मेट काढून सीटवर ठेवलं.

“काय वो मालक, समद्या बाजारात माझं नाव घेताय म्हणं. मी काय केलंय?”

“बॅटरी बदलताना आत काय घातलंस?”

“बॅटरीच्या जागी बॅटरी. अजून काय घालायचं असतंय?”

“आणि ते घालायला थ्रॉटलवरचा एअर पाइप का काढलास?”

“मी कशाला काढू? बॅटरी हिकडं, पाइप तिकडं.” मग तो बॉनेटवर वाकला. गाडी चालू करायला लावली. मेली. परत चालू केली. मेली. त्याने मान वर केली. “मालक, चालू लगेच हुतीया आनी मग मरतीया. म्हंजी श्वास घेतानाच कायतरी आडवं येतंय, आनी मेली की बाजूला हुतंय. स्लोचा व्हॉल्व्ह बघितला?”

“तो मीच साफ केलाय.”

“म्हनूनच इचारतोय.”

गोविंद हसला. त्या आठवड्यात पहिल्यांदा. मी स्क्रूड्रायव्हर उचलला. मनात एकच होतं, जे निघेल ते याच्या तोंडावर दाखवायचं. दोन स्क्रू काढले, व्हॉल्व्ह खालच्या वाटेच्या तुकड्यासकट ओढला आणि तळहातावर झटकला.

तीन तांदूळ पडले. काळपट झालेले, पण एका बाजूने अजून कुंकवाने लाल.

दोष काय होता ते तिघांनाही दिसलं. इंजिन श्वास ओढायचं, तांदूळ वाटेच्या तोंडाशी बसायचे, श्वास कोंडायचा. इंजिन मेलं की ओढ संपायची, तांदूळ खाली पडायचे. चावी फिरवली की वाट मोकळी. स्कॅनरला चोर दिसणार कसा? पोलीस येण्याआधी तो जागेवर जाऊन बसायचा.

आणि तांदूळ कुठले, तेही मला दिसलं. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पूजेला लागतात. पाने, स्क्रूड्रायव्हर, जॅक, सगळं पाटावर. दसरा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. गोविंदची गाडी तेव्हा माझ्याकडेच होती, अर्धी उघडी. व्हॉल्व्ह साफ झालेला, पाइप अजून बसवायचा. पण पाइपच्या क्लॅम्पचा स्क्रूड्रायव्हर पाटावर, झेंडूच्या हाराखाली. मग गाडी तशीच राहिली, थ्रॉटलचं तोंड आ वासलेलं. आणि दसऱ्याला मी उघड्या बॉनेटसमोर उभा राहून देवाला गाऱ्हाणं घातलं, गोविंदच्या गाडीला बरकत येऊ दे म्हटलं, आणि मोठ्या मनाने मूठभर अक्षता इंजिनावर टाकल्या.

“मेस्त,” गोविंद हळूच म्हणाला, “म्हाज्या गाडीक तुमी जेवण वाडलां?”

“आमी बॉनेटला हार घालतोय,” सदा म्हणाला. “इंजनाच्या नरड्यात तांदूळ कोन वततंय?”

मी वाट फुंकली, क्लीनर मारला, व्हॉल्व्ह बसवला, स्लो परत शिकवला. गाडी चालू करून तिघांनी चहा मागवला. चहा संपला, कप धुऊन झाले, इंजिन आपलं धडधडतंच होतं. सदाने बसल्याबसल्या हेडलाइट लावले, एसी लावला, गोविंदला रेस देऊन पाय सोडायला सांगितला. मेली नाही. संध्याकाळी गोविंद मॅनेजरला मागच्या सीटवर बसवून हॉटेलच्या आवारात फिरवून आला. त्याचं काम टिकलं.

सदा मात्र जाईना. स्कूटरवर बसून म्हणाला, “मालक, माझं नाव टपरीवर घेतलंय. आता तांदूळबी टपरीवरच दाखवा.”

“अरे, मी सांगतो सगळ्यांना.”

“सांगू नगा. दाखवा.”

तो माझ्याबरोबर आला. मी ते तीन तांदूळ काड्यापेटीत घालून नेले, टपरीच्या फळीवर ठेवले आणि कोणी टाकले ते सांगितलं. आधी कोणाला पटेना. मग पटलं, आणि ते मात्र फार वाईट. “अक्षता पडल्या म्हणजे लग्न लागलं की! नवरी कोण, गाडी?” हे मला अजून ऐकावं लागतं. टपरीवर सदाने माझा चहाही घेतला नाही, स्वतःचा मागवला. हळर्णच्या दोन टॅक्सी आता बॅटरीला त्याच्याकडे जातात. मी “हूं” म्हणत नाही.

पुढच्या खंडेनवमीपासून मी नियम केला. कोणतीही गाडी अर्धी उघडी असेल तर आधी थ्रॉटलच्या तोंडात फडकं कोंबायचं, मग हत्यारं पाटावर.

त्या दसऱ्यानंतर एक गाडी चालूच होईना. या वेळी मी पेट्रोल काढलं नाही, पंप विचारला नाही, टपरीवर गेलो नाही. गिऱ्हाइकाला म्हटलं, जरा पलीकडे बघा. आणि फडकं ओढून काढलं.